मुख्याध्यापक घडवताना: खुर्चीत बसण्याआधीचं वर्ष

मुख्याध्यापकपदासाठी कुणाची तयारी नीट चालली आहे की नुसतीच चालली आहे, हे ओळखायचं असेल तर त्याची तासनोंदवही मागून घ्यावी. 'परीक्षा पर्यवेक्षण, ६ तास. क्रीडादिनाची तयारी, ९ तास. मुख्याध्यापकांसोबत पालकांच्या बैठकीला उपस्थित, ४ तास. शाळा सुटताना फाटकावर, रोज अर्धा तास.' तास भरतात, सही होते, प्रमाणपत्र मिळतं. मात्र एवढ्या नोंदींत त्याने स्वतः घेतलेला एकही निर्णय सापडत नाही. फाटकावर तो आधीही उभा राहतच होता.

पदावर बसण्याआधी त्या माणसाने थोडे, पण खरे निर्णय घेतलेले असावेत, त्यांचे परिणाम स्वतः निस्तरलेले असावेत, आणि तेव्हा त्याच्या मागे कुणी अनुभवी माणूस उभा असावा. प्रशिक्षणाचा गाभा एवढाच. व्याख्यानं, नेतृत्वाच्या शैली, रंगीत तक्ते हे सगळं त्याच्या भोवतीचं. ते असू द्यावं, पण त्यालाच प्रशिक्षण समजू नये.

तासांच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात मुख्याध्यापकाच्या पात्रतेचा अभ्यासक्रम प्रत्येकी १२५ तासांच्या दोन भागांचा आहे, शिवाय ६० तासांचा प्रत्यक्ष नेतृत्व-प्रकल्प. अमेरिकेत २०१८ साली आलेल्या मानकांनी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांसाठी सहा महिने, आठवड्याला १० ते १५ तास शाळेत प्रत्यक्ष काम अशी अपेक्षा ठेवली. सिंगापूरमध्ये निवडलेल्या उपमुख्याध्यापकांना सहा महिने पूर्णवेळ बाजूला काढतात आणि स्वतःच्या नव्हे, दुसऱ्या शाळेशी जोडून देतात. इंग्लंडने १९९७ मध्ये मुख्याध्यापकांसाठी राष्ट्रीय पात्रता आणली, २००९ मध्ये ती नव्या मुख्याध्यापकांना सक्तीची केली आणि २०१२ मध्ये ती सक्ती काढूनही टाकली. शेजारच्या स्कॉटलंडने २०२० मध्ये नेमकी उलटी वाट धरली. सक्ती असावी की नसावी हा वाद चालू राहील. त्या तासांत उमेदवार काय करतो, हा प्रश्न दोन्हीकडे तसाच उरतो.

म्हणून नोंदवहीत एक रकाना वाढवायचा. प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शेरा: 'पाहिलं', 'मदत केली', 'माझं होतं'. पहिल्या महिन्यात बहुतेक नोंदी 'पाहिलं'च्या असणार, त्यात काही वावगं नाही. अर्धा कालावधी उलटल्यावर निदान एक तृतीयांश तास 'माझं होतं' या शेऱ्याचे नसतील, तर ते प्रशिक्षण उरलेलं नाही, फुकटचं मनुष्यबळ झालेलं आहे. हा हिशेब मार्गदर्शक आणि उमेदवार यांनी महिन्यातून एकदा समोरासमोर बसून करायचा. वर्षाअखेरीस केला तर निव्वळ हळहळ पदरी पडते.

'माझं होतं' आपोआप घडत नाही, त्यासाठी सुरुवातीलाच एका पानाचा करार लागतो. त्यावर उमेदवाराच्या नावावर तीन कामं. तीनच. उदाहरणार्थ, सहावीचं वाचन सुधारणं, बदली तासांची रोजची व्यवस्था आणि ग्रंथालयाचा वार्षिक खर्च. प्रत्येक कामापुढे तीन ओळी: कोणते निर्णय तो कुणालाही न विचारता घेईल, कोणते विचारून घेईल आणि कोणते घेऊन नंतर कळवेल. हे पान शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवायचं. नाहीतर होतं काय, की बदली तासाची तक्रार घेऊन शिक्षक नेहमीप्रमाणे मुख्याध्यापकांच्या दारात जातात, मुख्याध्यापकही सवयीने दोन मिनिटांत ती सोडवून टाकतात, आणि उमेदवाराचा अधिकार पहिल्याच आठवड्यात संपतो. 'हे काम त्यांच्याकडे आहे, त्यांच्याशी बोला,' एवढं वाक्य मुख्याध्यापकांनी वर्षभर न कंटाळता म्हणायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण अनेक कर्तबगार मुख्याध्यापकांना नेमकं हेच जमत नाही.

यावरूनच मार्गदर्शक कसा निवडावा हेही ठरतं. ज्यांची शाळा नावाजलेली ते चांगले मार्गदर्शक, असं समीकरण मांडू नये. वीस वर्षं मुरलेला मुख्याध्यापक एखादा पेच पाच सेकंदांत सोडवतो. तो कसा सोडवला, हे त्याला सांगता येत नाही. मार्गदर्शक हवा तो मोठ्याने विचार करणारा. 'या पालकांना मी आज भेटलो नाही, कारण वर्गशिक्षिकेशी माझं अजून बोलणं झालेलं नाही,' हे त्याला म्हणता आलं पाहिजे. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं, दार बंद करून. फोन बाहेर. आणि उमेदवाराची छोटी चूक घडू देण्याइतका धीर हवा: शिक्षकांच्या बैठकीचा अजेंडा फसला तर फसू द्यावा, मुलांच्या सुरक्षिततेचं काही असेल तर लगेच हात घालावा.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती मात्र एका साध्या प्रश्नावर: उमेदवाराचे स्वतःचे तास कोण घेणार? आठवड्याला तीस तास शिकवून वर हे सगळं करा म्हटलं, की तो दोन्हीकडे अर्धा राहतो, आणि पहिला बळी 'माझं होतं'चा जातो. किमान आठ ते दहा तास मोकळे मिळणार नसतील तर त्या वर्षी उमेदवार घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. याला पैसे लागतात हे मान्य, पण ते वाटतात तेवढे नसतात. अमेरिकेत २०११ पासून सहा मोठ्या शालेय जिल्ह्यांत (एकाच प्रशासनाखालच्या शाळांच्या समूहांत) निवड, प्रशिक्षण, नेमणूक आणि नेमणुकीनंतरचा आधार अशी सलग साखळी उभी केली गेली. रँड या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये तिचा हिशेब मांडला. खर्च विद्यार्थ्यामागे वर्षाला साधारण ४२ डॉलर, म्हणजे एकूण अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणि या साखळीतून नवे मुख्याध्यापक आलेल्या शाळा तीन वर्षांनंतर तशाच इतर शाळांपेक्षा वाचनात सुमारे ६ आणि गणितात सुमारे ३ शतमकांनी (शंभरांच्या क्रमवारीतल्या पायऱ्यांनी) पुढे होत्या. एकट्या प्रशिक्षणाला याचं श्रेय देता येणार नाही, ते सबंध साखळीचं आहे.

निवड: मुलाखतीपेक्षा टेबलावरची टपाल

मुलाखतीत चांगलं बोलणारी माणसं निवडली जातात. मुख्याध्यापकाला चांगलं बोलता यावंच, पण दिवसभरात त्याचं बरंचसं काम असतं ते क्रम लावण्याचं: आधी काय, नंतर काय, आणि कशाला हातच लावायचा नाही. ते तपासायला जुनी आणि भरवशाची युक्ती म्हणजे टपालाचा सराव. वीस कागदांचा गठ्ठा, पंचेचाळीस मिनिटं, मदतीला कुणी नाही. प्रत्येक कागदावर उमेदवाराने लिहायचं: मी काय करणार, कधी, आणि कुणाला सांगणार.

गठ्ठा नीट रचावा लागतो. चार-पाच कागद निव्वळ गोंगाटाचे: परिपत्रकं, निमंत्रणं, विक्रेत्यांची पत्रकं. दोन कागद एकमेकांशी भिडणारे, म्हणजे एकाच दिवशी एकाच वेळी दोन बैठका. एका शिक्षिकेचा रजेचा अर्ज, तारीख उद्याची. एक रागावलेलं आणि वरिष्ठांना प्रत पाठवलेलं पत्र, ज्यात मुद्दा अगदी किरकोळ आहे. आणि एक सौम्य, लांबलचक, शुद्धलेखन बिघडलेलं पत्र, ज्याच्या तिसऱ्या परिच्छेदात सहज लिहिलेलं असतं की मुलगी हल्ली दुपारनंतर त्या खोलीत जायला घाबरते. वीस कागदांपैकी पहिला उचलायचा तो हा. कितीतरी हुशार उमेदवार वरिष्ठांना प्रत गेलेल्या पत्राला आधी उत्तर देतात आणि हे पत्र 'वर्गशिक्षिकेकडे पाठवा' म्हणून बाजूला ठेवतात. त्यांना नापास करायची गरज नाही. प्रशिक्षण कुठून सुरू करायचं ते कळलं.

दुसरी कसोटी: वीस मिनिटांच्या पाठाचं चित्रीकरण दाखवायचं आणि त्या शिक्षकाशी उमेदवार काय बोलेल ते प्रत्यक्ष बोलून दाखवायला सांगायचं. शिक्षकाची भूमिका दुसऱ्या कुणीतरी करावी, आणि ती करणाऱ्याने थोडं दुखावलेलं असावं.

वर्गात बसणं आणि वर्गाबाहेर येऊन बोलणं

इथे जरा थांबायला हवं, कारण मुख्याध्यापकाच्या कामापैकी मुलांच्या शिकण्यापर्यंत पोहोचणारा भाग बराचसा इथेच आहे. शिक्षणसंशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. नेतृत्वाच्या पाच अंगांपैकी मुलांच्या निकालांशी सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते एका अंगाचं: शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं. परिणामाचं माप, म्हणजे परिणाम किती मोठा ते सांगणारा आकडा, ०.८४; बाकीच्यांपेक्षा पुष्कळच वर. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मायामी-डेड जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांचा अख्खा दिवस मोजणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. अध्यापनाशी संबंधित कामाला त्यांचा जेमतेम १२-१३ टक्के वेळ जात होता, आणि त्यातलाही मोठा वाटा वर्गांतून नुसती चक्कर मारण्यात. गंमत म्हणजे या चकरांचा निकालांशी चांगला संबंध दिसला नाही, उलट काहीसा वाईटच दिसला. शिक्षकासोबत बसून त्याच्या शिकवण्यावर काम करण्याचा मात्र चांगला दिसला. 'मी रोज सगळ्या वर्गांतून फेरी मारतो' हे अभिमानाने सांगणाऱ्यांनी या निष्कर्षाजवळ क्षणभर थांबावं.

उमेदवाराला वर्गनिरीक्षण शिकवायचं तर पहिला धडा असा: पुरावा आणि निवाडा वेगळे ठेवणं. सहा उमेदवारांना एकाच पाठाची पंधरा मिनिटं दाखवा आणि चारपैकी गुण द्यायला सांगा. एक जण दोन देईल, दुसरा चार. मग दोघांच्या वह्या उघडा. 'वर्ग छान रमला होता', 'शिक्षिकेचा विषयावर ताबा आहे' असली वाक्यं मिळतील. हे सगळे निवाडे झाले. पुरावा असा दिसतो: '१०.१२: प्रश्न, अपूर्णांक का बदलला? एक सेकंद थांबल्या. पहिल्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिलं. १०.१३: दुसरा प्रश्न, तोच मुलगा. १०.१९ पर्यंत एकूण अकरा प्रश्न, उत्तर देणारी मुलं चार, चारही पुढच्या दोन रांगांतली.' इतकं लिहिल्यावर गुणांवरून भांडायची वेळच फारशी येत नाही. घड्याळ लावून प्रश्नानंतरची शांतता मोजणं हा नवख्याला लगेच जमणारा सराव आहे. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येतात, गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात.

एकाच पाठावर सहा जणांचे गुण जवळ येईपर्यंत हा सराव करायचा. चार-पाच पाठ पुरतात. त्याआधी उमेदवाराच्या हाती लॉगबुक, म्हणजे वर्गनिरीक्षणाचे शेरे लिहायची वही, देऊ नये. त्यातला शेरा शिक्षकाच्या नोंदीत राहतो.

मग येतं बोलणं. पाठानंतर चोवीस, फार तर अठ्ठेचाळीस तासांत. पंधरा मिनिटं. मुद्दा एकच. साधारण रचना अशी: काय पाहिलं ते पुराव्यासकट, त्यावर शिक्षकाला काय वाटतं, बदलायची एक गोष्ट, ती गोष्ट तिथेच करून पाहणं, पुन्हा कधी येणार ती तारीख. यातली चौथी पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, कारण दोन मोठ्या माणसांनी रिकाम्या वर्गात उभं राहून प्रश्न विचारायचा सराव करणं अवघड वाटतं. पण तीच पायरी गाळली की बोलणं हवेत विरतं.

'मॅडम, पाठ खूप छान झाला, फक्त थोडं मागच्या मुलांकडेही लक्ष द्या,' हे वाक्य प्रत्येक शाळेत रोज बोललं जातं आणि त्याने काहीच बदलत नाही. त्याऐवजी: 'मॅडम, दहा वाजून बारा मिनिटांपासून पुढच्या सात मिनिटांत अकरा प्रश्न झाले. उत्तरं चार मुलांनी दिली. ही मुलं कुठे बसली होती, आठवतंय?' आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिकवावं लागतं. शिक्षिकेची परवानगी घेऊन बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि उमेदवाराने स्वतःच दोघांची मिनिटं मोजायची. पहिल्या खेपेला पंधरापैकी अकरा-बारा मिनिटं तोच बोललेला आढळला तर नवल वाटू देऊ नका. निम्म्याच्या खाली येईस्तोवर पाच-सहा खेपा जातात.

आणखी एक घोळ: कौतुकाच्या दोन थरांमध्ये तक्रार सारायची सवय. ऐकणारा दोन्ही थर घेऊन जातो आणि मधलं सोडून देतो. कौतुक करायचं तर तेही पुराव्यासकट आणि वेगळ्या दिवशी.

जो काल स्टाफरूममध्ये शेजारी बसून डबा खात होता, त्यालाच आज हे सांगायचं असतं. म्हणून तर उमेदवाराला दुसऱ्या शाळेत पाठवायचं. तिथे तो कुणाचा मित्र नसतो, हा सिंगापूरच्या पद्धतीचा एक मोठा फायदा. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी निदान एक सत्र दुसऱ्या शाळेत काढावं. शाळेच्या सवयी आपल्याच आहेत, निसर्गनियम नव्हेत, हे तिथे गेल्यावर कळतं.

वेळापत्रक हाताने करा

संगणकावर बटण दाबून वेळापत्रक निघतं, मग हाताने कशाला? कारण वेळापत्रकात शाळेने कशाला महत्त्व दिलंय ते उघडं पडतं, आणि सॉफ्टवेअर ते झाकून टाकतं.

आकडे घेऊ. २४ तुकड्या, आठवड्याला प्रत्येकी ४० तासिका: एकूण ९६०. शिक्षक ३०, प्रत्येकी ३० तासिका: ९००. म्हणजे ६० तासिका कमी, दोन शिक्षकांची तूट. एवढा गुणाकार न करताच 'पुढच्या वर्षी वाचनाचा एक जादा तास ठेवू' अशी घोषणा करणारे बरेच असतात. २४ तुकड्यांना एक जादा तासिका म्हणजे जवळजवळ आणखी एक शिक्षक. आता अनुपस्थिती पाहा. रोज सरासरी पाच टक्के शिक्षक रजेवर धरले तर ३० पैकी दीड. प्रत्येकाच्या दिवसाला सहा तासिका म्हणजे रोज नऊ बदली तास. ते कुणाच्या ना कुणाच्या मोकळ्या तासातूनच जाणार. त्यामुळे एकत्र नियोजनासाठी राखलेला तास आधी पडतो आणि महिन्याभरात तो फक्त कागदावर उरतो. उमेदवाराच्या करारात बदली तास ठेवायचे ते यासाठीच. काम कटकटीचं असतं, पण शाळेचा श्वास कुठे अडकतो ते त्यातूनच दिसतं.

हाताने करताना क्रम महत्त्वाचा. ज्यांत हलवाहलव होत नाही ते आधी: अर्धवेळ शिक्षक, एकच प्रयोगशाळा, एकच मैदान, जोडतास. त्यानंतर, आणि इथेच बहुतेक जण चुकतात, शिक्षकांचे सामायिक नियोजनाचे तास. ते शेवटी बसवू म्हटलं की बसतच नाहीत. मग भाषा आणि गणित आठवड्यात पसरवून, मग बाकी. झाल्यावर तीन गोष्टी तपासायच्या: एखाद्या तुकडीचं गणित तीन दिवस शेवटच्या तासाला गेलंय का, कुणाला सलग पाच तास आलेत का, आणि सगळ्यात नवखा शिक्षक सगळ्यात अवघड तुकडीवर गेलाय का. तिसरी गोष्ट बहुतेक शाळांत खरी निघते. मुद्दाम कुणी करत नाही. ज्येष्ठांनी आधी निवडलं की उरतं ते नवख्याच्या वाट्याला येतं.

पैसे

शाळेच्या खर्चातला मोठा भाग पगारांचा, आणि तो सहसा मुख्याध्यापकाच्या हातात नसतो. उरलेल्यावरच त्याची परीक्षा असते. उमेदवाराला अंदाजपत्रकाचं व्याख्यान देण्यापेक्षा एकच बाब गरजेपासून बिलापर्यंत पायी चालायला लावावी: मागणी कुणी केली, मंजुरी कुणाची, दरपत्रकं किती, माल मोजून कुणी घेतला, साठानोंद कुठे झाली, बिल कधी निघालं.

नवख्यांचा हमखास अपघात ठरलेला. मंजूर रक्कम १ लाख, खर्च ६० हजार, म्हणून ४० हजार शिल्लक धरून तो नवी खरेदी करतो. आधीच दिलेल्या ३५ हजारांच्या ऑर्डरचं बिल तेवढं अजून आलेलं नसतं. मंजूर आणि खर्च या दोन रकान्यांच्या मध्ये तिसरा रकाना हवा: शब्द दिलेली रक्कम. शिल्लक काढायची ती तो वजा करून. त्यानंतर सराव म्हणून वर्षाच्या मध्यावर दहा टक्के कपात सांगायची आणि विचारायचं, काय काढणार? सगळीकडून सारखं दहा टक्के कापणारा उमेदवार निर्णय टाळतो आहे.

सुरक्षितता

इथे मतांना जागा नाही, फक्त पाठांतर आणि सराव. मूल काही सांगू लागलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत. त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, वेळेसकट. आपण चौकशी सुरू करायची नाही. ज्यांचं ते काम आहे त्यांना लगेच कळवायचं. नवा मुख्याध्यापक चांगुलपणाने चुकतो तो इथे: 'आधी स्वतः खात्री करून घेऊ' म्हणून ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाच तो आधी बोलावतो.

इमारत रिकामी करण्याची कवायत मधल्या सुट्टीत एकदा करून बघावी. तास चालू असताना मुलं वर्गाच्या रांगेत बाहेर येतात, हजेरी लगेच लागते. सुट्टीत ती मैदानभर पसरलेली असतात, हजेरीपट वर्गात कुलपात, आणि आपल्या तुकडीची मुलं कुठे जमणार हे कुणालाच ठाऊक नसतं. मैदानावर तुकडीनिहाय जागा ठरलेल्या आहेत का, हे त्या चार मिनिटांत कळतं.

नेमणूक झाल्यावर

प्रशिक्षण इथे संपलं असं मानणं ही शेवटची, आणि फार महागात पडणारी चूक. जुन्या आणि नव्या मुख्याध्यापकांचे निदान पाच दिवस एकत्र जायला हवेत. त्या दिवसांत हाती द्यायची ती सत्कारानंतरची चावी नव्हे, एक फाईल: प्रलंबित तक्रारी, ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं आहे अशी मुलं, या वर्षी संपणारे करार, कारवाई चालू असलेले कर्मचारी, तोंडी दिलेली आश्वासनं. शेवटची यादी कुणीच लिहून ठेवत नाही. 'जुन्या सरांनी मला पुढच्या वर्षी दहावी द्यायचं कबूल केलं होतं,' हे नव्या मुख्याध्यापकाला जूनमध्ये पहिल्यांदा कळतं आणि खरं-खोटं करायला जुने सर नसतात.

पहिल्या महिन्यात प्रत्येक कर्मचाऱ्याशी वीस मिनिटं, सगळ्यांना तेच तीन प्रश्न: इथलं काय बदलू नये, काय बदलावं, आणि मला काय ठाऊक असायला हवं. तीस शिक्षकांसाठी हे दहा तासांचं काम; रोज दोन भेटी ठेवल्या तर तीन आठवड्यांत उरकतं. लिपिक, शिपाई आणि सफाई कर्मचारी यांना वगळू नये, इमारतीबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पहिल्या सत्रात सुरक्षितता सोडून काही उलथवू नये. उत्साहाच्या भरात पहिल्याच सोमवारी प्रार्थनेची वेळ बदलणाऱ्यांना पुढचे सहा महिने त्या पंधरा मिनिटांची उत्तरं देत बसावं लागतं.

आणि दोन वर्षांसाठी एक मार्गदर्शक, जो त्याचं मूल्यमापन करत नाही. हे दोन माणसांचं काम आहे. जो गोपनीय अहवाल लिहितो त्याच्याकडे कुणी आपली फसलेली बैठक घेऊन जात नाही. पहिल्या वर्षी महिन्यातून दोन भेटी, शाळेतच, आणि त्यातल्या एका भेटीत मार्गदर्शकाने बोलण्याआधी दोन तास नुसतं सोबत फिरायचं. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एक पुरते. भेटीच्या सुरुवातीला नव्या मुख्याध्यापकाने गेल्या दोन आठवड्यांची डायरी उघडायची आणि दोघांनी मिळून वर्गात गेलेली, शिक्षकांशी त्यांच्या पाठावर बोलण्यात गेलेली मिनिटं मोजायची. पहिल्या काही भेटींत हा आकडा इतका लहान निघतो की बेरजेला कॅलक्युलेटर लागत नाही.